पहिल्या पानावरची चूक

आमच्या घराला दोन तोंडं होती. रस्त्याच्या बाजूला छापखाना आणि मागच्या बोळात घर. मधे एक दार होतं, पण ते आबांनी कपाट लावून बंद केलं होतं, कारण आईच्या फोडणीने कागदाला वास लागतो असं त्यांचं म्हणणं. आईचं म्हणणं होतं की शाईने वरणाला वास लागतो. दोघांचंही खरं होतं. त्यामुळे छापखान्यातून घरी जेवायला यायचं तर रस्त्यावर उतरून, शांतीशेठच्या किराणा दुकानाला वळसा घालून, बोळातून यावं लागे. लहानपणाचे माझे आवाज म्हणजे एकीकडे पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनची खटक-खटक आणि दुसरीकडे आईच्या हातावर थापल्या जाणाऱ्या कळण्याच्या भाकरीची थपथप. मधून अंकलेश्वरकडे जाणारे ट्रक घर हलवून जात. आई मिरचीचा ठेचा दगडी खलात कुटायला बसली की छापखान्यात आबांना ठसका लागे, आणि तो ऐकून आईला कळे की आबा जागेवर आहेत. बोलावणं पाठवायचं असलं तर ती ठेचाच कुटायची.

छापखान्यावर घर चालायचं ते लग्नपत्रिकांवर आणि पावतीपुस्तकांवर. साप्ताहिक 'सीमाकाठ' हे आबांचं स्वतःचं. ते आमच्या खापर गावच्या बाजाराच्या दिवशी सकाळी निघे, म्हणजे डोंगरातून आलेली माणसं संध्याकाळी परत जाताना मिठाबरोबर ते घेऊन जात. एक कागद मधोमध दुमडून चार पानं. पहिल्या पानावर नंदुरबारचा मिरचीचा भाव, बदललेल्या एसटीच्या वेळा, कोण वारलं, कोणाची गाय हरवली, ग्रामपंचायतीत कोण कोणाला काय म्हणालं. देशाच्या घडामोडी आत, जागा उरली तर. आबांना विशेषणांचा राग होता. कुणी 'भव्य दिव्य सोहळा संपन्न' असं लिहून आणलं की ते 'सोहळा झाला' एवढंच ठेवत आणि म्हणत की शिशाच्या अक्षरांचे खिळे झिजतात. मी मॅट्रिकनंतर घरीच होते, खिळे जुळवायला बसायची, त्यामुळे ही काटछाट मला मनापासून आवडे. पुढे आयुष्यात मी कमी बोलते असं सासरच्यांनी ठरवलं, त्याचं मूळ इथे आहे.

पण 'सीमाकाठ'ची खरी ओळख होती ती पहिल्या पानाच्या उजव्या कोपऱ्यातली चौकट. दुसरी साप्ताहिकं तिथे पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची जाहिरात लावत. आमच्याकडे तिथे 'चूक झाली' असे. आदल्या अंकात जे काही चुकलं ते तिथे छापायचं, आणि जेवढी मोठी चूक तेवढ्याच मोठ्या जागेत छापायचं. हे माझ्या जन्माआधी सुरू झालं. कुणा एकाच्या सांगण्यावरून आबांनी एका माणसाचं निधन छापलं, गुजरातेतून त्याच्या लेकी छाती बडवत आल्या, तर बाप ओट्यावर बसून कांदा फोडत होता. तेव्हापासून मयत डोळ्यांनी पाहिल्याशिवाय निधन छापायचं नाही असा नियम झाला. आणि दुसरा नियम असा, की चूक नुसती छापून भागत नाही. ज्याच्याबद्दल चुकलं त्याच्या दारी आबा स्वतः जात, हातात गुळाचा खडा घेऊन. उंबऱ्याबाहेर उभं राहून चौकट मोठ्याने वाचत. घरच्याने गूळ घ्यायचा, 'आयकं', म्हणजे ऐकलं, असं म्हणायचं आणि पाणी द्यायचं. पाणी मिळालं की विषय संपला. पाणी मिळालं नाही तर पुढच्या अंकात पुन्हा तीच चौकट आणि पुन्हा गूळ. जमनामावशीच्या जिवंत नवऱ्याच्या नावाआधी एकदा 'कै.' पडलं होतं. मावशीने कित्येक आठवडे पाणी दिलं नाही. तिला राग वगैरे आला नव्हता. दर आठवड्याला दारात उभं राहून संपादक आपली माफी मागतो आणि सगळी गल्ली ऐकते, हे तिला आवडायला लागलं होतं. शेवटी नवराच कंटाळला आणि त्याने आतून तांब्या आणून दिला.

आता माझ्या नातवाच्या मोबाइलवर रोज सकाळी कुणाला ना कुणाला पुरस्कार मिळालेला असतो. शाल, नारळ, फुलांचा गुच्छ, आणि फोटोत नऊ माणसं, त्यातला पुरस्कारवाला कोणता हे ओळखायला मला चष्मा लावावा लागतो. चूक मात्र कुणाचीच झालेली नसते. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, पण सांगते आहे खरी.

रमणभाऊंबद्दल इथेच सांगायला हवं. ते डोंगरातले, मोलगीच्या बाजूचे. मी शाळेत असताना ते आबांकडे छपाई शिकायला आले आणि दोनतीन वर्षं राहिले. दिवसा छापखान्यात आणि जेवायला आमच्या घरी. घरी त्यांची बोली भिली, आमची अहिराणी, त्यामुळे आमच्याशी ते शाळेतलं मराठी बोलत, पुस्तकासारखं, आणि आई त्यांना अहिराणीत उत्तर देई. दोघांचं चांगलं जमायचं. आईच्या हातचा ठेचा रडत रडत खाणारा आणि तरी पुन्हा मागणारा एवढा एकच पाहुणा मी पाहिला. पुढे त्यांनी अक्कलकुव्याला जुनं मशीन घेऊन स्वतःचं साप्ताहिक काढलं, 'डोंगरहाक'. डोंगरातल्या पाड्यांच्या बातम्या त्यात येऊ लागल्या, ज्या आमच्यापर्यंत कधी पोचतच नसत. आबा तो अंक टपालाने आला की आधी उजवा कोपरा बघत. तिथेही 'चूक झाली' असे. आबा काही बोलत नसत, पण तो अंक भाकरी ठेवायला किंवा पापड वाळवायला वापरला जात नसे. आमच्या घरात कुठल्याही अंकाला एवढा मान नव्हता, आमच्या स्वतःच्याही नाही.

आणि मामा. आईचं माहेर तापीकाठचं, केळी आणि उसाचं. मोठ्या मामांचं मत असं की आपल्या बहिणीचा नवरा चांगला शेतकरी होता, वाट्याची जमीन भावांना कसायला दिली आणि लोखंड विकत घेतलं. 'सीमाकाठ'ला ते चिठोरं म्हणत. दर दिवाळीला केळ्यांचा घड घेऊन येत आणि बसायच्या आधी विचारत, "चालू शे का ते चिठोरं?" आई पाणी आणायला आत जाई आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ लावी. ती आबांना कधी काही म्हणाली नाही. भावालाही नाही. मी मात्र तिच्या पाठीमागून बघत असे, आणि मला मामांचा मनापासून राग येई. केळी चांगली असत, ती खाल्ल्याने रागात काही फरक पडत नसे.

तर एक दिवस शांतीशेठच्या दुकानातल्या फोनवर नंदुरबारहून निरोप आला. जिल्ह्यातल्या साप्ताहिकांमधून उत्कृष्ट अंक निवडून त्याचा गौरव करायचा असं तिथल्या एका मंडळाने ठरवलं होतं. रविवारी कार्यक्रम आहे आणि आबांनी सपत्नीक यावं, मंचावर बसायचं आहे. निरोप एवढाच. शांतीशेठनी तो जसाच्या तसा सांगितला, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण आमच्या भागात माणसाला बायकोसकट मंचावर बोलावतात ते एकाच कारणासाठी. सत्कार जोडीचा होतो. सरपंचाचा झाला तो जोडीने, निवृत्त गुरुजींचा झाला तो जोडीने, दूध डेअरीच्या चेअरमनची बायको भांडून माहेरी गेली होती तर तिला जीप पाठवून आणलं होतं. तेव्हा निरोप ऐकताक्षणी शांतीशेठनी वजनाचा काटा सोडला आणि आबांच्या हातावर पेढा ठेवला. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. कुणीच विचारलं नाही की पुरस्कार मिळाला असं त्यांनी म्हटलं का. आबांनीही नाही. मयत बघायला भर उन्हात चार कोस जाणारा माणूस, त्याने शेजारच्या दुकानातून एक फोन केला नाही.

त्या आठवड्याची पहिल्या पानाची बातमी आबांनी स्वतः लिहून माझ्याकडे दिली. 'सीमाकाठला जिल्ह्याचा उत्कृष्ट साप्ताहिक पुरस्कार.' अर्धं पान. मिरचीचा भाव खाली सरकवला होता. बातमीत 'अखंड सेवा' असे शब्द होते, आणि 'अविरत' असाही एक. मी जुळवणीच्या स्टिकमध्ये, त्या लोखंडी पट्टीत, खिळे लावता लावता वर बघितलं. आबा दुसरीकडे बघत होते. प्रूफ काढलं तर ते दोनदा वाचायला आले, आणि दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यात काही सुधारायचं नव्हतं, नुसतंच वाचून गेले. मला त्यांची गंमत वाटली. एवढी वर्षं दुसऱ्यांची नावं छापली, आपलं एकदा छापून बघावं असं वाटलं माणसाला. त्यात एवढं काय!

अंक निघाला आणि गाव कामाला लागलं. सरपंचांनी रविवारसाठी टेम्पो ठरवला. लग्नात वाजवणाऱ्या बॅन्डला सांगून ठेवलं. मोठ्या मामांना निरोप गेला, आणि ते आले. दिवाळी नसताना आले, धाकट्या मामांना घेऊन आले, आणि शहाद्याच्या पेंटरकडून कापडाचा फलक रंगवून आणला, त्यावर आबांचं नाव आणि खाली 'अभिनंदन'. दारात चपला काढताना त्यांनी ते चिठोऱ्याचं विचारलंच नाही. आई पाणी घेऊन लगेच बाहेर आली. शनिवारी तिने अंगणातल्या चुलीवर मातीचं खापर पालथं घातलं आणि मांडे करायला घेतले. पुरणाचा तो मांडा हातावर फिरवून फिरवून कोपरापर्यंत मोठा करायचा आणि तापलेल्या खापरावर अलगद टाकायचा. ज्यांना जमतो त्यांच्याकडेच पाहुणे बोलावतात. आई त्या दिवशी करत होती तेव्हा गुणगुणत होती. मी ते पूर्वी ऐकलं नव्हतं.

मी छापखान्यात कुणाच्या तरी पत्रिका जुळवत होते, आबा हिशेबनिसाच्या चेहऱ्याने उरलेल्या अंकांचा गठ्ठा बांधत होते, आणि रमणभाऊ आत आले. अक्कलकुव्याहून जीपने आले होते, परतीला तीच जीप धरायची होती. आमचा अंक त्यांना सोमवारच्या टपालाने मिळे, तो त्यांनी पाहिलेला नव्हता. त्यांनी आबांच्या पायाला हात लावला आणि पुस्तकातलं मराठी बोलले.

"आबा, पुरस्कार आमच्या अंकाला मिळाला आहे. मी त्यांना सांगितलं, आबा आणि काकू यांच्या हातून मिळणार असेल तरच मी घेईन. त्यांनी मान्य केलं. तुम्ही याल ना?"

आबा गठ्ठ्यावर बसले. म्हणजे खरोखरच बसले, वरचा अंक दिसू नये म्हणून. मग म्हणाले की हो, येणार, निरोप मिळाला आहे, आणि उठता न आल्यामुळे त्यांनी बसल्या बसल्याच रमणभाऊंच्या खांद्यावर थोपटलं. रमणभाऊंना काकूंना भेटायचं होतं. आबांनी सांगितलं की तिचे हात पुरणात आहेत, उद्या भेटच आहे. बाहेर जीपचा हॉर्न वाजला आणि ते गेले. मी हातातला खिळा कुठल्या खणात टाकला कोण जाणे, तो नंतर सापडला नाही.

शांतीशेठ चहा घेऊन दारात आले होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी चहाचे पेले ठेवले, इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात सल्ला दिला. "आबा, शाल तं मंचवर बठनारा सगळास्ले भेटस. तुमले बी भेटी. शाल लिसन घर या, गावले दखाडा. कोन ईचारस?"

ते खरं होतं. मंचावर बसणाऱ्या प्रत्येकाला शाल आणि नारळ मिळतोच. हार घातलेले आबा आणि आई, खाली बॅन्ड, फलक धरलेले मामा. कोणत्या क्षणी कोण कोणाला काय देतं आहे हे मागच्या खुर्चीवरून कळतही नाही. अक्कलकुव्याचा अंक आमच्या गावात घेतो कोण? शांतीशेठ वाईट माणूस नव्हते, शेजारधर्म पाळत होते. आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं. आईचं गुणगुणणं मला थांबवायचं नव्हतं.

 चहा थंड झाला. मग आबा गठ्ठ्यावरून उठले आणि मला म्हणाले की मोठे खिळे काढ. मोठे खिळे म्हणजे निवडणुकीच्या पत्रकांचे. अर्धं पान चुकलं होतं, म्हणजे चौकटही अर्ध्या पानाची हवी.

"आबा, मामा घरमा बठेल शेतस," मी म्हटलं. "सोमवारले छापूत."

"जमनामावशीले असं सांगं व्हतं का मी?" ते म्हणाले.

त्यांनी मजकूर लिहून दिला नाही, उभ्या उभ्या सांगितला आणि मी जुळवला. मला तो आजही पाठ आहे. 'चूक झाली. गेल्या अंकात सीमाकाठला पुरस्कार मिळाल्याची बातमी छापली. ती खरी नाही. पुरस्कार अक्कलकुव्याच्या डोंगरहाकला आहे. संपादकाने खात्री केली नाही, कारण संपादकाला हौस होती.' शेवटच्या वाक्यावर माझा हात थांबला. मी विचारलं, हे ठेवायचं? ते म्हणाले, कारण नको का द्यायला? एका बाजूने छापलेला तो सुटा कागद निघाला. मशीन आबांनी स्वतः चालवलं. नेहमीसारखीच खटक-खटक. आत आईला वाटलं असणार की पत्रिका चालू आहेत.

मग प्रश्न आला तो दाराचा. ज्याच्याबद्दल चुकलं त्याच्या दारी जायचं. बातमी आमच्याबद्दल होती. आबांनी हात धुतले, टोपी घातली, शांतीशेठच्या दुकानात गेले. शेठनी गुळाचा खडा कागदात बांधून दिला. आबा वळसा घालून बोळात शिरले, मी मागे. आणि आमच्याच घराच्या उंबऱ्याबाहेर ते उभे राहिले. अंगणात खाटेवर मामा जेवायला बसलेले, चुलीशी आई, हातावर मांडा पसरलेला. मामा म्हणाले की या, या, आते तुमनाच घर बाहेर उभा ऱ्हातस का. आबा आत गेले नाहीत. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. 'चूक झाली' एवढं ऐकल्यावर शेजारपाजारची दारं उघडली, कारण त्या दोन शब्दांवर दारं उघडायची गावाला सवय होती.

त्यांनी सगळं वाचलं. आवाज कुठे चढवला नाही, कुठे गिळला नाही. 'हौस होती' वर थांबले, कागदाची घडी केली आणि गूळ पुढे धरला.  मोठ्या मामांचा घास हातात होता. फलक भिंतीला टेकवून ठेवला होता, त्यावरचं 'अभिनंदन' सगळ्यांना दिसत होतं. आईने हातातला मांडा खापरावर टाकला, आणि तो तसाच राहिला. करपल्याचा वास सुटला. माझ्या आईच्या हातून मांडा करपलेला मी तो एकच पाहिला. मला वाटलं ती आता आत जाईल आणि पाणी आणायला नेहमीसारखा वेळ लावील, किंवा आणणारच नाही, आणि मग दर आठवड्याला आबा टोपी घालून आमच्याच दाराशी येतील.

ती उठली. तिने भावाकडे बघितलं, मग दारापर्यंत आली. हात पुरणाने भरलेले होते.

"त्यामा एक चूक शे," ती म्हणाली. "हाऊस मालेबी व्हती. तेबी लिखा."

आबांनी मान हलवली आणि पुढच्या अंकात छापतो म्हणाले. मग तिने गूळ घेतला, 'आयकं' म्हणाली, आणि मला पाणी आणायला सांगितलं. मी तांब्या आणला. आबा पाणी प्याले आणि उंबरा ओलांडून आत आले. मामांनी हातातला घास खाल्ला. मग ते म्हणाले, "मंग उद्या जानं शे का नही?"

"जानं शे," आई म्हणाली. "रमण कोन्हा शे मंग?"

टेम्पो सांगितलेला होता, बॅन्ड सांगितलेला होता, त्यामुळे गाव गेलं. आपल्याकडे ठरलेला बॅन्ड रद्द करत नाहीत, निमित्त बदलतात. नंदुरबारात मिरचीचा हंगाम जोरात होता, मिरची वाळवायच्या पथाऱ्यांवरून वारा आला की अख्खा मंडप खोकत होता, पाहुण्यांसह. मामांनी फलक आणला होता, पण त्यावर आबांचं नाव, तेव्हा त्यांनी तो उलटा धरला आणि कार्यक्रमभर दोन्ही मामा एक कोरं कापड ताणून उभे राहिले. लोकांना वाटलं सिनेमा दाखवणार आहेत. आईने रमणभाऊंच्या हातात नारळ दिला, आबांनी मानपत्र. बॅन्डने वरातीचं गाणं वाजवलं, त्यांना तेच येत होतं. मग परीक्षकांचं भाषण झालं. ते म्हणाले की 'डोंगरहाक'मध्ये आम्हाला सर्वांत काय भावलं, तर पहिल्या पानावर स्वतःची चूक छापण्याची अभिनव कल्पना, जी या संपूर्ण जिल्ह्यात प्रथमच या तरुण संपादकाने सुरू केली. आमच्या गावच्या खुर्च्यांमधून आवाज उठला. सरपंच उभे राहायला लागले तर आबांनी मंचावरून हाताच्या खुणेने त्यांना खाली बसवलं, आणि टाळ्या वाजवल्या. सर्वांत आधी त्यांनीच वाजवल्या. मला तेव्हा आबांचा जेवढा राग आला तेवढा कधी आला नाही. रमणभाऊ माइकसमोर आले, त्यांनी आबांकडे बघितलं, आभारी आहे म्हणाले, आणखी काही म्हणणार होते असं वाटलं, पण प्रमुख पाहुण्यांना पुढच्या गावी जायचं होतं आणि सूत्रसंचालकाने माइक घेतला. मंचावरच्या सगळ्यांना शाली मिळाल्या. परत येताना आबांनी आपली शाल मामांच्या खांद्यावर टाकली, टेम्पोत वारा लागत होता म्हणून. मामांनी ती परत केली नाही. पुढच्या दिवाळीला ते तीच पांघरून आले.

त्या आठवड्याच्या 'सीमाकाठ'मध्ये रमणभाऊंच्या पुरस्काराची बातमी आली, विशेषणं वगळून. उजव्या कोपऱ्यात दोन ओळी होत्या, 'चूक झाली. हौस संपादकाच्या घरच्यांनाही होती.' आईला वाचता येत नव्हतं. तिने मला दोनदा वाचायला लावलं आणि तो अंक पापडाच्या डब्यात, पापडांच्या वर ठेवला.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी दुपारी आम्ही जेवत होतो. अंगणात कुणाची तरी सावली पडली. उंबऱ्याबाहेर रमणभाऊ उभे होते, टोपी घातलेली, एका हातात 'डोंगरहाक', दुसऱ्या हातात कागदाची पुडी. आईने या म्हटलं तरी आत आले नाहीत. शेजारची दारं उघडायला लागली. त्यांनी घसा साफ केला आणि वाचलं.

"चूक झाली. पुरस्कार समारंभात सांगण्यात आलं की पहिल्या पानावर चूक छापण्याची पद्धत आम्ही सुरू केली. ते खरं नाही. ती खापरच्या सीमाकाठची आहे. आम्ही तिथे शिकलो, तिथेच जेवलो. मंचावर आम्ही गप्प राहिलो, कारण आम्हालाही हौस होती."

अर्धं पान होतं. मोठ्या खिळ्यांत. मी खिळे जुळवणारी, मला लांबूनही दिसलं की त्यांनी त्यासाठी मिरचीचा भाव सबंध काढून टाकला होता.

आबा ताटावरून उठले, हात धुतले, दारात गेले. रमणभाऊंनी पुडी उघडून गूळ पुढे केला.  सगळ्या गावाच्या दारोदार गूळ घेऊन हिंडलेला माणूस, पण त्याच्या दारी तो घेऊन कधी कुणी आलं नव्हतं. त्यांनी गुळाकडे बघितलं, मग मागे आमच्याकडे बघितलं. दोन्ही हात अंगाशी तसेच होते, ओले.

"हात पुढे करा," आई म्हणाली.

त्यांनी केला. 'आयकं' म्हणायचं असतं ते काही त्यांना म्हणता आलं नाही. ते आईनेच म्हटलं, आणि ती पाणी आणायला आत गेली. तिला अजिबात वेळ लागला नाही.